लिस्टिंगवर 'पुणे' आणि पार्सल थेट लुधियानाहून, हे चालतं कसं?

धनकवडीची_मेघा

नमस्कार मंडळी. आईच्या जुन्या काळ्या पायमशीनला मोटर बसवायचीये. तिचे गुडघे आता दुखतात आणि लग्नसराईत ब्लाउजची कामं काही थांबत नाहीत, म्हणून एका ऑनलाइन साइटवरून मोटर, पायाचं रेग्युलेटर, पट्टा आणि ब्रॅकेट असा सेट मागवला. विक्रेते बरेच होते, त्यातला हा जरा महागच, पण खाली स्वच्छ लिहिलेलं की विक्रेत्याचं ठिकाण पुणे आणि दोन दिवसांत घरपोच. म्हटलं गावातलाच आहे, नाही बसली तर बदलून घेता येईल, थोडे पैसे जास्त गेले तर गेले.

ट्रॅकिंग उघडलं तर पहिलीच नोंद लुधियाना! मग दिल्लीकडे कुठेतरी पडून, मग भिवंडी, मग वाघोली, आणि आठवडा उलटून गेल्यावर दारात. खोक्यावर 'न मिळाल्यास परत पाठवा' म्हणून जो पत्ता असतो ना, तोही लुधियानाचा, पिनकोड १४१ ने सुरू होणारा. विक्रेत्याला चॅटवर विचारलं तर 'मॅडम हमारा पुणे में भी ऑफिस है'. कुठे आहे विचारलं तर गप्प. लिस्टिंगवरच्या पत्त्यात नुसतं 'शुक्रवार पेठ, पुणे', ना घर नंबर ना इमारतीचं नाव.

आता ब्रॅकेटची खाच आमच्या मशीनच्या भोकाशी जुळत नाहीये (लिस्टिंगवर 'सगळ्या घरगुती मशीनना बसते' असं होतं). तर म्हणतो, तुमच्या खर्चाने लुधियानाला पाठवा, मग बघू.

मला कळत नाहीये की असं खोटं ठिकाण टाकून यांना मिळतं काय? आणि घ्यायच्या आधी ओळखायचं कसं? आणि नुसतं ठिकाण खोटं सांगितलं एवढ्यावर तक्रार होते का, की लोक हसतील?

पेठेतला_पक्या

ताई, लुधियाना म्हणजे शिलाई मशीन आणि पार्टचं माहेरघरच आहे, तिथूनच सगळ्या देशात माल जातो. तुम्हाला पेठेत दुकानात मिळाली असती तरी ती तिथलीच असती. फरक एवढाच की दुकानदाराने जुना ब्रॅकेट हातात घेऊन बघितला असता. पुढच्या वेळी मशीनचा फोटो मोबाईलवर घेऊन रविवार पेठेत चक्कर मारा, पार्किंग मिळालं तर.

धनकवडीची_मेघा

माल लुधियानाचा आहे याचं मला काहीच वाईट वाटत नाहीये हो दादा. त्याने 'लुधियाना, सात दिवस' असं लिहिलं असतं तरी कदाचित घेतली असती, स्वस्तवाल्याकडून. जास्तीचे पैसे मी पुण्याचे मोजले ना.

तांबटआळी

मी स्वतः ऑनलाइन विकतो, तांब्या-पितळेची भांडी, त्यामुळे आतली गोष्ट सांगतो, थोडी लांबेल.

यांना मिळतं काय, तर सगळ्यात आधी गिऱ्हाईक. माणूस लिस्ट बघताना किंमत बघतो आणि लगेच 'कधी येणार' ते बघतो. जवळचा विक्रेता दिसला की हात तिकडेच जातो, तुमचा गेला तसाच. बऱ्याच साइटवर 'माझ्या जवळचे' असा फिल्टर असतो, त्यात बाहेरगावचा माणूस दिसतच नाही, म्हणून मग एकच वस्तू पुणे, नाशिक, नागपूर, इंदूर अशा सतरा गावांच्या नावाने टाकायची. दुसरं म्हणजे कुरिअरचे दर. गावातल्या गावात, जवळच्या राज्यात आणि देशभर असे टप्पे असतात, लांबचं पार्सल महाग पडतं, ते गिऱ्हाइकाला दाखवलं तर तो पळतो. आणि तिसरं जे कोणी बोलत नाही ते रिटर्न. लांबून आलेली वस्तू परत पाठवायचा लोकांना कंटाळा येतो. विक्रेत्याला हे पक्कं माहीत असतं, विकताना जवळचा आणि परत घेताना लांबचा व्हायचं हा त्याचा धंदाच आहे.

पण एक सांगतो, ठिकाण जुळलं नाही म्हणजे प्रत्येक वेळी चोरच असं नाही. माझं उदाहरण घ्या. माझं दुकान कसब्यात, बिलावर पत्ता कसब्याचा, पण माझा निम्मा माल साइटच्या भिवंडीच्या गोडाऊनमध्ये पडलेला असतो कारण तिथून तो लवकर जातो. गिऱ्हाइकाला पार्सल भिवंडीहून येतं, मग तो मला विचारतो की तुम्ही पुण्याचे ना? अहो आहेच पुण्याचा! आणि उलटंही असतं. राजस्थानातला विक्रेता त्याच भिवंडीच्या गोडाऊनमध्ये माल ठेवतो, त्याचा माल तुम्हाला उद्या मिळतो, माझ्या शेजारच्या दुकानदाराचा परवा. तेव्हा विक्रेत्याचं गाव वेगळं, मालाचं गाव वेगळं, आणि तो बनला कुठे ते आणखी वेगळं. या तीन गोष्टींची सरमिसळ करू नका.

खरे बदमाश दोन प्रकारचे. एक, ज्यांच्याकडे माल नसतोच. तुमची ऑर्डर आली की ते दुसऱ्याकडून घेऊन परस्पर तुमच्या पत्त्यावर पाठवतात, त्यांना तुमचा ब्रॅकेट कसा असतो हे माहीतच नसतं कारण त्यांनी मोटर कधी हातात धरलेली नसते. दुसरे हे तुमच्या विक्रेत्यासारखे, ठिकाणाच्या रकान्यात मनाला येईल ते लिहिणारे. मोठ्या साइटवर कुरिअरवाला जिथून उचलतो तो पत्ता साइटला माहीत असतो, तिथे थापा मारणं जरा अवघड. सोशल मीडियावरची दुकानं आणि फुकट जाहिरातींच्या साइट, तिथे ठिकाण म्हणजे नुसता लिहायचा रकाना. कोणी तपासत नाही.

हिशोबनीस

जीएसटीची कामं करतो म्हणून या बाजूने लिहितो. मेघाताई, खोक्यात बिल आलं असेल ते काढा. विक्रेत्याचा जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे म्हणजे राज्य. महाराष्ट्र २७, गुजरात २४, दिल्ली ०७, हरियाणा ०६, कर्नाटक २९, पंजाब ०३. मग कर कसा लावलाय ते बघा. विक्रेता आणि तुम्ही एकाच राज्यात असाल तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) असे दोन समान तुकडे दिसतात, राज्याबाहेरून माल आला असेल तर एकच आयजीएसटी. लिस्टिंगवर पुणे आणि बिलावर आयजीएसटी म्हणजे बिल बनवणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय की माल महाराष्ट्रातून विकलेला नाही. यापेक्षा चांगला पुरावा शोधून सापडायचा नाही.

हाच नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये टाका, लॉगिन लागत नाही, व्यवसायाचं नोंदलेलं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, मुख्य जागा कुठली हे सगळं दिसतं.

मात्र २७ दिसला म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. वर तांबटआळी म्हणतात तसं बाहेरचा विक्रेता इथल्या गोडाऊनमध्ये माल ठेवणार असेल तर त्याला महाराष्ट्राची नोंदणी घ्यावीच लागते, मग त्याचाही नंबर २७ नेच सुरू होतो. शिवाय बाणेर-हिंजवडीकडे नुसता पत्ता भाड्याने देणाऱ्या जागा आहेत, आत ना माल ना माणूस, दारावर पाट्या मात्र वीस. २७ म्हणजे 'महाराष्ट्रात नोंदलेला', एवढंच.

आणि एक बारीक मुद्दा जो लोकांना माहीत नसतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांनाही अशा साइटवर माल विकता येतो, पण फक्त आपल्या राज्यात. कंपोझिशनवाल्यांनाही (म्हणजे सोप्या योजनेत उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणारे छोटे व्यापारी) तसंच. त्यामुळे बिलावर जीएसटी नंबरच नाही आणि पार्सल मात्र परराज्यातून आलंय, तर तिथे ठिकाण सोडून आणखीही काहीतरी घोळ आहे असं समजा.

धनकवडीची_मेघा

बाप रे, बिल मी नीट बघितलंच नव्हतं, ते खोक्याच्या तळाशी थर्माकोलखाली दुमडून होतं. नंबर ०३ ने सुरू होतोय आणि आयजीएसटी १८ टक्के. आणि गंमत बघा, बिलावरचं नाव लिस्टिंगवरच्या नावापेक्षा वेगळंच आहे!

खडकीचा_निल्या

तुमचं निदान पार्सल तरी आलं. जुन्या वस्तूंच्या साइटवर यापेक्षा भारी चालतं. माझ्या मेव्हण्याने स्कूटर बघितली, ठिकाण लोहगाव, किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी. फोन केला तर समोरचा म्हणे मी फौजी, बदली झालीये, गाडी कॅम्पात आहे, सिव्हिलियनला आत सोडत नाहीत, आर्मीच्या ट्रान्सपोर्टने घरी पोचवतो. ओळखपत्राचा फोटो, कँटीन कार्डाचा फोटो, वर्दीतला फोटो, सगळं पाठवलं. पुण्यात हे पटतंच ना, खडकी, देहूरोड, लोहगाव, सदर्न कमांड, सगळीकडे लष्कर. मग ट्रान्सपोर्टचे थोडे पैसे आधी टाका, मग गेट पासचे, मग 'जास्त कापले गेले, परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा'. मेव्हणा तिथे थांबला म्हणून बरं.

तर दोनच गोष्टी डोक्यात ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन मागितला म्हणजे तुमच्या खात्यातून जाणार. आणि ठिकाण खरंच जवळचं असेल तर 'आत्ता येतो बघायला' म्हणायचं. जो खरा आहे तो म्हणतो या, जो खोटा आहे त्याला अचानक ड्युटी लागते. पैसे गेलेच तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, जितका लवकर तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडकवता यायची शक्यता जास्त.

लेन्सवेडा

परदेशी मालातही सेम. इथला पत्ता टाकलेला असतो आणि वस्तू निघते चीनहून. कस्टम्स ड्यूटी कोण भरणार हा प्रश्न पोस्टमन दारात आला की सुटतो, म्हणजे तुम्ही. पोस्टाने येणाऱ्या आंतरराष्ट्रीय पार्सलचा ट्रॅकिंग नंबर तेरा अक्षरांचा असतो, पुढे दोन इंग्रजी अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. शेवट 'सीएन' असेल तर ते चीनच्या पोस्टात टाकलेलं आहे, विक्रेता काहीही म्हणो. विक्रेत्याने नंबर दिला की लगेच शेपूट बघायचं.

बारकोडवर मात्र जाऊ नका. ८९० म्हणजे भारतात बनलेलं असं व्हॉट्सॲपवर फिरतं ते चूक आहे. ८९० चा अर्थ एवढाच की कंपनीने बारकोडची नोंदणी भारतात केलीये, माल कुठेही बनलेला असू शकतो.

ईबे या परदेशी विक्री साइटचं एक मला आवडतं, तिथे वस्तूचं ठिकाण चुकीचं दाखवणं हाच नियमभंग धरलाय, त्यावर वेगळं धोरण आहे आणि लिस्टिंगच रिपोर्ट करता येते. आपल्याकडची ईबे २०१८ च्या ऑगस्टात बंद झाली, पण परदेशातून मागवणाऱ्यांना उपयोगी.

ग्राहक_काका

मेघा, लोक हसणार नाहीत. पुणेकराने तर ग्राहक म्हणून लाजायचं कारणच नाही, बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली ती याच गावात.

आता मुद्द्याचं. ई-कॉमर्सचे नियम आहेत २०२० चे, ग्राहक संरक्षण कायद्याखालचे. त्यात साइटने प्रत्येक विक्रेत्याचं व्यवसायाचं नाव, भौगोलिक पत्ता आणि ग्राहक सेवेचा नंबर दाखवायचा आहे. 'शुक्रवार पेठ, पुणे' हा पत्ता नव्हे, ही तर रिक्षावाल्याला सांगायची दिशा. दुसरं जास्त महत्त्वाचं. वस्तू सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीपेक्षा उशिरा आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. तुझ्या बाबतीत यातल्या दोन गोष्टी आहेत, 'सगळ्या मशीनना बसते' हे खोटं निघालं आणि दोन दिवसांचा आठवडा झाला. म्हणजे ठिकाणावरून भांडायची गरजसुद्धा नाही, ठिकाण हा वरचा पुरावा.

पायऱ्या अशा की आधी साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी लिही, चॅटवर नको. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाली काढायची असा नियम आहे. तिथे हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीतही बोलता येतं. ते निकाल देत नाहीत, पण कंपनीकडे पाठपुरावा करतात आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य, ऑनलाइन दाखल करता येतं. आणि विक्रेता लुधियानाचा असला तरी तुला लुधियानाला जायचं नाही, २०१९ च्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. हा बदल फार मोठा आहे, पूर्वी याच ठिकाणाच्या भानगडीत माणसं कंटाळून सोडून द्यायची.

तांबटआळी

काका, सगळं मान्य, पण 'ठिकाण जुळलं नाही की कर तक्रार' असं लोकांच्या डोक्यात बसलं तर आमच्यासारख्यांचे हाल होतात. भिवंडीहून पार्सल आलं म्हणून मला एक तारा देणारे महाभाग आहेत. भांड्यात खोट नाही, वेळेत पोचलं, तरी एक तारा.

ग्राहक_काका

अहो तुमचं कसब्याचं दुकान खरं आहे ना? मग तुम्हाला कोण बोलतंय. पण लिस्टिंगवर 'विक्रेता पुणे, माल भिवंडीच्या गोडाऊनमधून निघेल' एवढी एक ओळ टाकायला तुम्हाला काय जड आहे? नाही टाकत, कारण नुसतं 'पुणे' जास्त खपतं. थोडं खरं सांगा.

तांबटआळी

साइट तसा रकानाच देत नाही हो काका. वर्णनात लिहिलं तर कोणी वाचत नाही. पण ठीक आहे, टाकतो.

पेठेतला_पक्या

काकांनी पितळेला चिंच लावली 😄

हिशोबनीस

मेघाताई, एक राहिलं. लिस्टिंगचा स्क्रीनशॉट आत्ताच्या आत्ता काढून ठेवा, ठिकाण, दोन दिवसांचं आश्वासन आणि 'सगळ्या मशीनना बसते' ही ओळ, तिन्ही तारखेसकट दिसली पाहिजेत. तक्रार गेली की हे लोक पहिल्यांदा लिस्टिंग बदलतात. ट्रॅकिंगची पहिली नोंदही घ्या, काही दिवसांनी ते पान उघडत नाही. खोक्यावरचं लेबल फाडू नका. बिलावरचं नाव वेगळं आहे म्हणालात, तर तक्रारीत दोन्ही नावं लिहा, एकच लिहिलं तर 'तो आमचा विक्रेताच नाही' म्हणून हात वर करतील.

धनकवडीची_मेघा

सगळ्यांचे आभार. स्क्रीनशॉट काढले, आणि खरंच, लिस्टिंगवर आता 'पुणे' च्या जागी नुसतं 'इंडिया' झालंय, नशिबाने जुना स्क्रीनशॉट भावाला पाठवलेला होता तो मिळाला. तक्रार अधिकाऱ्याला मेल टाकलाय, पोच आली. ॲपमध्ये रिटर्नचं बटणही अजून चालू दिसतंय, पण कारण निवडायला सांगतंय आणि त्यात 'ठिकाण खोटं' असं काही नाहीये. काय निवडू?

तांबटआळी

'आवडलं नाही' किंवा 'आता नको' चुकूनही निवडू नका, त्यात परतीचा खर्च तुमच्या गळ्यात पडू शकतो. 'वर्णनाशी जुळत नाही' निवडा आणि ब्रॅकेट मशीनच्या भोकाजवळ धरून फोटो जोडा. मग साइटच पिकअप पाठवते आणि खर्च आमच्या, म्हणजे विक्रेत्याच्या खात्यातून कापते. पिकअपवाला आला की सेट पूर्ण आहे याचा व्हिडिओ त्याच्यासमोर काढा, पट्टा आणि रेग्युलेटर दोन्ही दिसू द्या, नाहीतर हाच माणूस म्हणेल की पट्टा आलाच नाही.